स्विफ्ट डिझेल, २ लाख ३८ हजार किमी: इंजिन बांधून घ्यावं की दुसरं बसवावं?

कराड_डिझेल:

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती स्विफ्ट व्हीडीआय, २०१२ चं मॉडेल, १२४८ सीसी, ७५ पीएसचं डिझेल इंजिन. मीटरवर २ लाख ३८ हजार किमी. इंजिन आजवर एकदाही खोललेलं नाही, टायमिंग चेनही मूळचीच. ऑईल आणि फिल्टर दर १० हजारांनी बदललेत, दोनदा मात्र १५ हजारांपर्यंत गेलं.

सकाळी पहिल्यांदा चालू केली की अर्धा मिनिट इंजिन थरथरतं, जणू तीनच सिलिंडरवर चाललंय, आणि पांढरट धूर येतो. मग नीट होतं. खंबाटकी चढताना मागे निळा धूर दिसतो. १,२०० किमीला साधारण लिटरभर ऑईल टाकावं लागतं. चालू इंजिनवर ऑईलचं झाकण काढलं की फकफक वाफ येते. ॲव्हरेज २० वरून १६ वर आलंय. कूलंट कमी होत नाही, गाडी गरमही होत नाही.

एक गॅरेज म्हणतं, इंजिन गेलं, कुर्ल्याहून जुनं आणून बसवून देतो, ६८ हजार. दुसरं म्हणतं, पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंग टाकतो, ३२ हजारांत काम होईल. पूर्ण इंजिन बांधायचा अंदाज ८५ ते ९० हजार मिळाला. गिअरबॉक्स, सस्पेन्शन, एसी ठणठणीत आहेत, पत्र्याला गंज नाही. अजून पाच वर्षं तरी गाडी वापरायची आहे. काय करावं?

दहा_बारा_पाना:

दादा, दोन्ही गॅरेजनी काही न मोजता आकडा सांगितलाय, तेव्हा आत्ता कुणालाच हो म्हणू नका. खोलण्याआधी चार तपासण्या करून घ्या, म्हणजे नेमकं काय झिजलंय ते कळेल.

पहिलं, टर्बो. इंटरकूलरकडे जाणारा पाइप काढा. आत तेलाचा पातळ थर असणारच, कारण क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या पोकळीची) वाफ त्याच वाटेने परत इंजिनात जाते. पण पाइप तिरका केल्यावर तेल ओघळून खाली पडलं, तर निळ्या धुराचं कारण टर्बोचा सीलही असू शकतो. टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवा अगदी किंचित हलतो, ते चालतं, कारण तो तेलाच्या थरावर फिरतो. पुढे-मागे हातालाही जाणवेल इतका हलत असेल तर टर्बो गेला. तसा निघाला तर गाडी चालवू नका. टर्बोतून येणारं ऑईलच इंजिन इंधन म्हणून जाळायला लागलं की चावी बंद करूनही ते थांबत नाही, उलट वेग वाढत जातो. अशा वेळी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन कोंडून बंद पडतं. हवेच्या तोंडावर हात धरायला जाऊ नका.

दुसरं, ब्रीदर. ऑईल आणि वाफ वेगळं करणारा भाग काजळीने तुंबला की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि रिंगा चांगल्या असूनही ऑईल वर चढतं. झाकणातून येणारी फकफक यामुळेही असू शकते. हा भाग साफ करून किंवा बदलून ५०० किमी बघणं हा सगळ्यात स्वस्त प्रयोग आहे.

तिसरं, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. डिझेलमध्ये ते ग्लो प्लगच्या (थंडीत सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) भोकातून घेतात. इतक्या चाललेल्या इंजिनात ग्लो प्लग काजळीने जाम झालेले असतात, थंड इंजिनवर जोर लावला तर मोडून हेडमध्येच राहतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, इंजिन गरम करा आणि हलक्या हाताने पुढे-मागे करत काढा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, इंधन बंद हवं. चांगल्या डिझेल इंजिनात २५ बारच्या आसपास किंवा वर आकडा मिळतो. त्याहून महत्त्वाचा चौघांमधला फरक, तो १०-१५ टक्क्यांच्या आत असला पाहिजे. पेट्रोल गाडीसारखं सिलिंडरमध्ये ऑईल ओतून परत मोजायचा प्रकार इथे करू नये. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर जागा इतकी कमी उरते, की ऑईल जरा जास्त झालं तर ते दाबलं न गेल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो.

कॉम्प्रेशन जिथे कमी, तिथे लीक टेस्ट. पिस्टन टॉपला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून, ६-७ बारची हवा भरायची आणि कान लावायचा. ऑईलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरचं आतलं भोक). हवेच्या पाइपातून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. पुढचा निम्मा निर्णय या कानाने ऐकलेल्या आवाजावर होतो.

चौथं, ऑईल प्रेशर. सेन्सरच्या जागी काट्याचं गेज लावून, इंजिन पूर्ण गरम असताना बघा. आयडलला एक बारच्या वर आणि ३,००० आरपीएमला तीनच्या आसपास मिळालं तर खालचा भाग, म्हणजे क्रँक आणि बेअरिंग, बहुतेक ठीक. सोबत चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑईलचं भांडं) उतरवून गाळणी बघा. या इंजिनात ऑईल तीन लिटरच्या थोडंच वर असतं. तुमच्या गाडीत दर १,२०० किमीला त्यातला जवळजवळ तिसरा भाग संपतोय. टॉप-अप चुकला की सगळ्यात आधी मार बसतो चेनच्या टेन्शनरला, कारण तो तेलाच्या दाबावर ताणलेला राहतो. चेन सैल होऊन दात सुटला तर व्हॉल्व्हचे रॉकर मोडतात. तोवर दर ३०० किमीला डिपस्टिक बघत राहा.

थंडीतली ती अर्ध्या मिनिटाची थरथर माझ्या डोक्यात बसलीय. चारही सिलिंडर सारखेच झिजले असते तर चालू व्हायलाच वेळ लागला असता. एकच सिलिंडर मागे पडलाय असं वाटतं. कॉम्प्रेशनचे आकडे इथे टाका.

बोअरगेज_उद्यमनगर:

वरच्या मुद्द्यांशी सहमत. मी मशीन शॉपच्या बाजूने सांगतो.

३२ हजारांचं रिंगा-बेअरिंगचं काम अजिबात करू नका. बोअर वरच्या टोकाला, जिथे पहिली रिंग थांबून परत फिरते, तिथे सर्वांत जास्त झिजतो, कारण दाब आणि उष्णता तिथे जास्त आणि तेल कमी. त्याच्या वर न झिजलेली एक कड उरते, नखाला लागते. नवी रिंग काटकोनात आणि अंगाने पूर्ण असते. ती त्या कडेवर आपटून मोडते, नाहीतर पिस्टनची खाच फोडते. आणि बोअर वर रुंद, खाली अरुंद असेल तर रिंग प्रत्येक फेरीला उघड-मीट करत राहते आणि थोड्याच दिवसांत ऑईल परत जळू लागतं.

म्हणून ब्लॉक खोलला की आधी बोअर गेज. मूळ बोअर ६९.६० मिमी. प्रत्येक सिलिंडर तीन उंचीवर मोजायचा: वरून साधारण १० मिमी खाली, मध्ये, आणि तळाशी. प्रत्येक उंचीवर एकदा क्रँकच्या दिशेने, एकदा आडवं. चार सिलिंडरचे मिळून २४ आकडे झाले. हे २४ आकडे कागदावर लिहून मागा. जो लिहून देत नाही त्याला ब्लॉक देऊ नका.

फरक ०.०५ मिमीच्या आत असेल तर होनिंग (बोअर दगडाने हलकं घासणं) करून स्टँडर्ड रिंगा चालतात. ०.१० च्या वर गेला तर बोअर कापून मोठा करून मोठ्या मापाचे पिस्टन, किंवा स्लीव्ह (बोअरमध्ये बसवायची नळी). मधल्या पट्ट्यात पिस्टनचं माप बघून ठरवायचं. पिस्टन नेहमी स्कर्टवर (खालच्या भागावर), पिनच्या आडव्या दिशेला मोजतात. बोअर करायचं ठरलं तर आधी पिस्टन हातात घ्या, मोजा आणि मग त्या पिस्टनप्रमाणे बोअर कापा. उलट केलं आणि बाजारात ते माप मिळालंच नाही तर ब्लॉक अडकून पडतो.

याच इंजिनाच्या दोन खास गोष्टी. कनेक्टिंग रॉडची टोपी करवतीने कापलेली नसते, रॉड मुद्दाम तडकवून वेगळी केलेली असते. त्यामुळे तुटलेल्या पृष्ठभागाचे दाणे फक्त आपापल्या जोडीतच बसतात. खोलतानाच प्रत्येक जोडीवर नंबर टाका, पण मारून नाही, मार्करने. टोपी बदलली किंवा उलटी बसवली तर तो रॉड फेकायचा. दुसरं, हेड गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत मिळतं. पिस्टन टॉपला आल्यावर ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते डायल गेजने मोजूनच जाडी निवडायची. जुन्या गॅस्केटवरची खूण बघून नवं आणणं फक्त तेव्हा चालतं, जेव्हा ब्लॉकचा माथा घासलेला नाही आणि पिस्टन तेच आहेत.

क्रँक घासायची वेळ आली तर जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यातला गोलवा जसाच्या तसा राहिला पाहिजे. तिथे धारदार कोपरा पडला की क्रँक पुढे तिथूनच तुटते. रॉड, मेन बेअरिंग आणि हेडचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळून वर आणखी ठरावीक अंश फिरवायचे असतात, ते ताणले जातात, म्हणून नवेच घ्या.

आता धुणं. होनिंगनंतर बोअरमध्ये दगडाची बारीक भुकटी धातूत रुतून बसते. डिझेलने किंवा पेट्रोलने ती निघत नाही, उलट खोल जाते. गरम पाणी, साबण आणि ब्रश. मग पांढरं सुती फडकं ऑईलमध्ये भिजवून बोअरमध्ये फिरवा. फडकं करडं निघालं की परत धुवा. ते पांढरंच बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवायचं. ऑईलच्या वाटांचे बूच काढून आतून लांब ब्रश फिरवा. ऑईल कूलर मात्र धुवून भरवशाचा होत नाही. बेअरिंग गेलेल्या इंजिनाचा कूलर बदलावाच लागतो, आत अडकलेला कण नव्या बेअरिंगला पहिल्याच दिवशी खातो.

आरसी_तपासा:

जुन्या इंजिनाबद्दल. वाईट पर्याय नाही, पण ६८ हजार हा पूर्ण खर्च नाही. इंजिन बाहेर असतानाच त्याला नवा चेन किट, मागचा क्रँक सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे फिल्टर आणि ऑईल घालावंच लागतं. क्लच प्लेट अर्धी असेल तर तीही. हे धरलं की रक्कम पूर्ण बांधणीच्या जवळ जाते, आणि हातात येतं ते कुणी कसं चालवलंय हे माहीत नसलेलं इंजिन.

घ्यायचंच असेल तर हे बघा:

इंजिन बाकावर ठेवून, स्टार्टर लावून, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तुमच्यासमोर घ्यायला लावा. विकणारा नको म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

ग्लो प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून बोअर बघा. उघड्यावर पडलेल्या इंजिनात रिंगेच्या जागी गंजाचा गोल पट्टा दिसतो.

पुरातल्या गाड्यांची इंजिनं बाजारात येतात. सांगली-कोल्हापूरचे २०१९ आणि २०२१ चे पूर, चिपळूण-महाडचा २०२१ चा पूर, अशा वेळी पुष्कळ गाड्या पाण्याखाली गेल्या. थर्मोस्टॅटचं घर, आल्टरनेटरची मागची बाजू आणि वायरिंगच्या सॉकेटमध्ये बारीक गाळ शोधा. बुडालेली गाडी चालू करायचा प्रयत्न झाला असेल तर एखादा रॉड वाकलेला असतो आणि तो पिस्टन बाकीच्यांइतका वर येत नाही. बाहेरून धुऊन रंगवलेल्या इंजिनावर हे दिसत नाही, त्या एका सिलिंडरचं कमी कॉम्प्रेशन मात्र सांगून जातं.

हेच १.३ डिझेल मारुतीशिवाय टाटा आणि फियाटच्या गाड्यांतही आहे, पण माउंटिंग, चेंबर, टर्बो, सेन्सर सगळीकडे सारखे नाहीत. ९० पीएसच्या इंजिनाचा टर्बोच वेगळ्या जातीचा आहे. शिवाय २०१० ते २०१७ मध्ये मुंबई, पुणे, सोलापूरसारख्या ठरावीक शहरांत बीएस ४ आणि बाकी महाराष्ट्रात बीएस ३ लागू होतं. कराडची २०१२ ची गाडी आणि मुंबईतलं इंजिन यांचे सुटे भाग पार्ट नंबरने जुळवूनच पैसे द्या.

आणि कागद. इंजिन नंबर आरसीवर असतो. इंजिन बदललं की आरटीओत अर्ज करून नवा नंबर चढवून घ्यावाच लागतो. त्यासाठी पक्कं बिल आणि ज्या गाडीतून इंजिन निघालं तिची कागदपत्रं लागतात, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची हरकत नसल्याचं पत्रही. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर पुढच्या दाव्यात नंबर जुळत नाही म्हणून अडतं. इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर त्रास तुम्हाला होतो, दुकानदार तोवर हात वर करतो. स्वतःचा ब्लॉक ठेवून बांधणी केली तर नंबर तोच राहतो, यातलं काहीच करावं लागत नाही.

अजून एक हिशेब: २०१२ च्या गाडीची नोंदणी २०२७ मध्ये संपते. पुढच्या पाच वर्षांच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये फी, वर तपासणी आणि हरित कर. पाच वर्षं वापरायची असेल तर हा खर्च आत्ताच धरा.

कराड_डिझेल:

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासण्या झाल्या.

ब्रीदर साफ केला, फरक किरकोळ. इंटरकूलरच्या पाइपात फक्त पातळ थर, टर्बोचा शाफ्ट पुढे-मागे हलत नाही.
कॉम्प्रेशन: १ नंबर २५ बार, २ नंबर २४, ३ नंबर १८, ४ नंबर २४.
३ नंबरला हवा भरली तर ऑईलच्या झाकणातून जोरात फुसफुस. हवेच्या पाइपातून आणि सायलेन्सरमधून काही नाही.
ऑईल प्रेशर गरम आयडलला १.४ बार, ३,००० ला ३.२.
चेंबरमध्ये थोडा काळा गाळ, धातूचे कण नाहीत.

दहा_बारा_पाना:

चित्र स्पष्ट आहे. खालचा भाग निरोगी, तीन सिलिंडर चांगले, एकटा ३ नंबर गेलेला. तुमचंच इंजिन बांधा, जुनं आणू नका.

पण खोलण्याआधी एक प्रश्न सोडवा: ३ नंबरच का गेला? ऑईल उशिरा बदलल्याने झीज झाली असती तर चौघांवर सारखी दिसली असती. एकच सिलिंडर जातो तेव्हा पहिला संशय इंजेक्टरवर. टोकातून डिझेल थेंबथेंब गळत असेल तर ते बोअरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं, तिथे ओरखडे पडतात. आणि फवारा फुटण्याऐवजी धार पडत असेल तर पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीची कड वितळते. असा पिस्टन हातात घेतला की कळतं: वाटीची कड एका बाजूला खडबडीत, जणू उंदराने कुरतडलीय, आणि त्याच्या खालीच रिंग चिकटलेली.

चारही इंजेक्टर काढून डिझेल पंप-इंजेक्टरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टेस्ट बेंचवर लावा. रिटर्नचं डिझेल मोजणं पुरेसं नाही, त्याने आतली गळती कळते, टोकाची कळत नाही. फवाऱ्याचा आकार, दाब धरल्यावर टोक कोरडं राहतं का, आणि आयडल ते फुल लोड किती डिझेल सोडतो, हे तिन्ही लेखी मागा. खराब इंजेक्टर तसाच ठेवून नवा पिस्टन टाकला तर तोही त्याच जागी जळेल. इंजेक्टर बदलला तर त्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) भरायचा, नाहीतर आयडल हलतं आणि धूर येतो. इंजेक्टरखालचं तांब्याचं वॉशर दर वेळी नवं.

बोअरगेज_उद्यमनगर:

याला जोडून. १, २ आणि ४ नंबरचा बोअर ०.०५ च्या आत निघाला तर चारही बोअर करायची गरज नाही. फक्त ३ नंबरला कोरडी स्लीव्ह घालून परत ६९.६० वर आणता येतो, म्हणजे बाकीचे तीन पिस्टन स्टँडर्डच राहतात. या ब्लॉकमध्ये दोन बोअरमधली भिंत पातळ आहे, त्यामुळे स्लीव्ह दाबताना शेजारचे २ आणि ४ किंचित अंग बदलतात. म्हणून क्रम असा: आधी स्लीव्ह, मग माथ्याचं फेसिंग (सपाट घासणं), मग परत चौघांचं माप आणि शेवटी होनिंग. आधी होन केलेल्या ब्लॉकला नंतर स्लीव्ह ठोकून देणाऱ्याचं काम टिकत नाही. नवा पिस्टन बाकी तिघांच्या वजनाच्या ५ ग्रॅमच्या आत हवा, साध्या डिजिटल काट्यावर जुळवता येतो.

रिंगा चारही सिलिंडरला नव्या. प्रत्येक रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडाची फट फिलर गेजने मोजा. पहिल्या रिंगेला साधारण ०.२५ ते ०.४० मिमी, नेमका आकडा रिंगेच्या डब्यावर असतो. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांवर आपटतात आणि बोअर कापतात. खुणेची बाजू वर.

मेन आणि रॉडचे बेअरिंग, चेन किट, व्हॉल्व्ह सील, ऑईल पंपाची तपासणी, हे आत्ताच उरका. क्रँकचं माप चांगलं आलं तर घासू नका, फक्त पॉलिश.

पहिल्या स्टार्टआधी इंधन बंद ठेवून स्टार्टर १०-१० सेकंद मारा, ऑईलचा दिवा विझेपर्यंत, म्हणजे टर्बो कोरडा फिरत नाही. चालू झाल्यावर तासभर आयडलला ठेवायची पद्धत चुकीची आहे. रिंगा बसतात त्या दाबामुळे, आणि आयडलला दाबच नसतो, उलट बोअर गुळगुळीत होऊन बसतो. गळती आणि आवाज तपासून दहा मिनिटांत रस्त्यावर काढा. पहिले ५०० किमी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, २,००० ते ३,००० आरपीएममध्ये वेग कमी-जास्त करत चालवा, एकाच वेगावर हायवेला धरून ठेवू नका. ५०० ला ऑईल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून आतल्या कागदावर काय अडकलंय ते बघा. थोडी करडी भुकटी चालते. पिवळसर चकाकी दिसली तर गाडी तिथेच थांबवून बेअरिंग बघायचं.